सीमेवरून पाहिलेली साथ

१८९७ साली शेवगाव तालुक्यातला माणूस गोदावरी ओलांडून पैठणला गेला, की तो एका सरकारातून दुसऱ्या सरकारात जाई. अलीकडे मुंबई इलाख्याचा इंग्रजी अंमल, पलीकडे निजामाचे राज्य. आमच्या भागातली जुनी माणसे अगदी परवापर्यंत पलीकडच्या मुलखाला मोगलाईच म्हणत. जामखेडच्या बाजूला तर दोन्ही राज्यांची गावे एकमेकांत शिरलेली होती. सोयरीक पलीकडे, बाजार अलीकडे, कुलदैवत पुन्हा पलीकडे, असा हा प्रदेश. त्या साली या प्रदेशावर प्लेग आला तेव्हा रोग एकच होता, माणसे एकाच भाषेची आणि एकाच चालीरीतीची होती, पाऊस आणि पीकही सारखेच होते. वेगळे होते ते फक्त सरकार.

शेजारच्या सरकारांनी एकाच साथीला कसे तोंड दिले याची तुलना करणाऱ्याला याहून चांगली जागा मिळणे कठीण. अशा तुलनेत नेहमी एक अडचण येते. दोन देशांचे हवामान, दाटी, लोकांचे वय, दवाखाने, सगळेच निराळे असते, आणि मग आकड्यांतला फरक सरकारमुळे पडला की आणखी कशामुळे, हे सांगता येत नाही. शेजार हा या अडचणीवरचा एक उतारा आहे. शेजाऱ्यांत बरेच काही समान असते, म्हणून उरलेला फरक अधिक स्पष्ट दिसतो. तरीही माझे म्हणणे याच्या एक पाऊल पुढचे आहे. दोन सरकारांची तुलना त्यांच्या राजधान्यांतून केली तर हुकुमांची तुलना होते. ती सीमेवरून केली तर माणसाला काय मिळाले हे कळते. सीमेवर पाहण्यासारखी गोष्ट एकच आहे: ज्याचे घर पलीकडे आहे त्याच्याशी अलीकडचे सरकार कसे वागले.

या पुस्तकाचा विषय हाच आहे. त्यातली प्रकरणे वाचण्याआधी वाचकाला थोडी पार्श्वभूमी हाताशी असावी, म्हणून ही प्रस्तावना जरा लांबली आहे.

मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले ते सप्टेंबर १८९६ मध्ये. चारच महिन्यांत, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, साथीच्या रोगांचा कायदा झाला. अवघ्या चार कलमांचा हा कायदा. सरकारला वाटतील ते उपाय करण्याची मुभा, रेल्वेने येणाऱ्याजाणाऱ्याला तपासण्याची आणि अडकवून ठेवण्याची मुभा, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा, आणि सद्भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला भरण्यास मनाई. सरकारचे कर्तव्य काय, याबद्दल एक ओळही नाही, आणि भरपाई दिलीच तर तिचा खर्च कोणी सोसायचा हे ठरवणेही सरकारवरच सोडलेले. इतकी घाई का झाली याचे उत्तर मुंबईत शोधून चालत नाही. युरोपातली सरकारे मुंबईहून येणाऱ्या जहाजांना आणि मालाला बंदी घालू लागली होती. त्याच वर्षी व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि हिंदुस्थानातून हजला जाणारी जहाजे थांबली. म्हणजे पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तावर नेमलेल्या रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घराघरांत शिरले, त्यामागे एका सरकारला दुसऱ्या सरकारांची वाटणारी धास्तीही होती. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पुढच्या जानेवारीत नगर जिल्ह्याला लागूनच असलेल्या सिन्नरला प्लेगच्या बंदोबस्तावरून दंगल उसळली. त्यानंतर सरकारने हळूहळू सक्तीचा हात सैल केला.

हा कायदा गोदावरीपलीकडे लागू नव्हता. संस्थानांनी आपापले नियम केले, बहुतेकदा इंग्रज रेसिडेंटाच्या आग्रहाने. पण दोन्ही तीरांवरच्या खेड्यांनी जे खरोखर केले ते कोणत्याच सरकारच्या पुस्तकातले नव्हते. घरात उंदीर पडू लागले की लोक गाव सोडत. माळावर, मळ्यात झोपड्या घालून राहत आणि महिना दोन महिन्यांनी परतत. उंदरावरच्या पिसवांतून प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ मध्ये कराचीत दाखवले, आणि वैद्यकाने ते मान्य करायला आणखी काही वर्षे घेतली. तोवर सरकारी फौजा घरे धूत होत्या, जमिनी खणत होत्या, कपडे जाळत होत्या, माणसे वेगळी काढत होत्या. पडलेल्या उंदराकडे पाहून घर सोडणाऱ्या कुणब्याचा निर्णय त्या सगळ्यांहून शहाणा होता. दोन सरकारांची तुलना करताना हे विसरले, तर लोकांच्या शहाणपणाचे श्रेय भलत्याच्या पदरात पडते. पुढील काळातल्या सरकारांनी स्थलांतराला मदत करण्याचे धोरण धरले, झोपड्यांसाठी बांबू आणि तट्टे पुरवले. लोक आधीच करत होते त्याला हात दिला, असे त्याचे खरे वर्णन होईल.

याच साथीत शेजारी सरकारांत एक वेगळा व्यवहारही झाला, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. ओडेसाचे ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. ती खरोखर उपयोगी आहे का, हे इंग्रजी मुलखातल्या भडकलेल्या वातावरणात ठरवणे अवघड होते. १८९७ च्या वसंतात पोर्तुगीज अंमलातल्या दमणमध्ये प्लेग पसरला होता. तिथल्या सुमारे आठ हजार वस्तीत २,१९७ जणांनी लस घेतली, त्यांतले ३६ दगावले. न घेतलेल्या ६,०३३ जणांतले १,४८२ दगावले. या आकड्यांवर आक्षेप घेता येतो. लस घेणारे कदाचित सुखवस्तू असतील, सावध असतील, आधीच वाचलेले असतील. हा आक्षेप दूर करणारा प्रयोग बडोदे संस्थानातल्या उंढेरा गावात फेब्रुवारी १८९८ मध्ये झाला. गावातल्या घरांची यादी समोर ठेवून प्रत्येक कुटुंबातल्या साधारण निम्म्या माणसांना लस दिली गेली, म्हणजे एकाच छपराखाली लस घेतलेले आणि न घेतलेले दोघेही राहिले. त्यानंतर ज्या २८ घरांत प्लेग शिरला, त्यांत लस घेतलेली ७१ माणसे होती आणि ३ मेली. न घेतलेली ६४ होती आणि २६ मेली.

या शेवटच्या ओळीपाशी मी दरवेळी थांबतो. २६ माणसे आणि त्यांची घरे, त्यांच्याच भाऊबंदांशेजारी. त्यांच्या मरणातून जे ज्ञान मिळाले ते पोर्तुगीज, गायकवाडी आणि इंग्रजी अशा तीन अंमलांच्या सीमा ओलांडून गेले. एका सरकारला जे आपल्या घरात शिकता येत नव्हते ते शेजाऱ्याच्या घरात शिकता आले. साथीतल्या शेजाराचा हा उपयोग आपल्याकडे फारच कमी सांगितला जातो.

त्याच १८९७ मध्ये, १० मार्चला, पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. शिक्षिका होण्याचे शिक्षण घ्यायला त्या तरुणपणी नगरला आल्या होत्या, मिस फॅरार यांच्याकडे. साथीत त्यांनी आपला मुलगा डॉ. यशवंत याला बोलावून घेऊन पुण्याजवळ दवाखाना उघडला. तिथे ज्यांना आणले गेले त्यांतले कित्येक गावकुसाबाहेरचे होते. सक्तीच्या छावणीची भीती आणि जातीची भिंत या दोन्हींमध्ये अडकलेल्या माणसाला तिसरी जागा देणारे हे काम होते. सरकारांची तुलना करणाऱ्या पुस्तकात त्याचा उल्लेख करतो, कारण ज्या समाजात असे कोणी नसते तिथे चांगले सरकारही दारापर्यंत पोचत नाही.

१९१८ च्या इन्फ्लुएन्झाबद्दल थोडक्यात सांगतो. त्या वर्षी पाऊसही गेला होता. मुंबई बंदरातून आलेला ताप सप्टेंबर-ऑक्टोबरात दख्खनभर पसरला आणि तेव्हा ना इंग्रज सरकारने काही करून दाखवले ना निजामाने. १९११ च्या शिरगणतीत नगर जिल्ह्याची लोकसंख्या साडेनऊ लाखांच्या जवळ होती, १९२१ मध्ये ती साडेसात लाखांच्याही खाली आली. त्यात तापाने मेलेले आहेत आणि दुष्काळाने देशोधडीला लागलेलेही. दोन्ही सरकारे सारखीच निष्क्रिय असतील तेव्हा तुलनेला विषयच उरत नाही. उरतात फक्त मोकळी पडलेली घरे.

निजामाची सीमा १९४८ साली पुसली गेली आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. पण २०२० च्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीत तीच रेषा पुन्हा उमटली, या वेळी जिल्ह्याची सीमा म्हणून. एकाच राज्यातल्या दोन जिल्ह्यांना शेजारी सरकारे म्हणावे का, असे कोणी विचारेल. त्या दिवसांत ते म्हणावेच लागेल. पास देणारा जिल्हाधिकारी, नाका लावणारा पोलीस अधीक्षक, चौदा दिवस शाळेत ठेवणारा सरपंच हेच लोकांच्या अनुभवातले सरकार होते. आष्टी, पाटोद्याच्या माणसाची बाजारपेठ आणि मोठा दवाखाना नगर. त्याच्या आणि त्याच्या डॉक्टरच्या मध्ये अचानक बांबूचा अडसर आला.

सगळ्यात मोठी कसोटी ऊसतोड मजुरांची होती. बीड जिल्ह्यातून, तसेच नगरच्याच पाथर्डी आणि जामखेड तालुक्यांतून, दरवर्षी हजारो कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, उचल घेऊन निघतात आणि प्रवरा, संगमनेर, कोपरगावपासून थेट कोल्हापूरपर्यंत कारखान्यांच्या तळावर कोप्या घालून राहतात. २४ मार्चच्या रात्री देश बंद झाला तेव्हा हंगाम सरत आला होता. काही फडांवर तोड चालूच राहिली, कारण साखर ही जीवनावश्यक वस्तू. हातात कोयता घेऊन गर्दीने काम करायला परवानगी, पण काम संपल्यावर घरी जायला मनाई, अशी विलक्षण स्थिती निर्माण झाली. म्हातारे आईवडील आणि शाळकरी पोरे गावाकडे, जोडपे तळावर, बैलांना वाढे संपत आलेले. काही टोळ्या रात्री आडवाटेने निघाल्या आणि नाक्यावर अडवल्या गेल्या. १७ एप्रिल २०२० रोजी राज्य सरकारने त्यांना तपासणी करून गावी पोचवण्याचा निर्णय घेतला. तेव्हा ३८ कारखान्यांवर मिळून सव्वा लाखाहून अधिक मजूर अडकले असल्याचे सांगण्यात आले होते.

या घटनेत कारखान्याचा जिल्हा, गावाचा जिल्हा आणि मुंबईतले सरकार असे तिघे होते. तिघांचाही दाखवण्याजोगा आकडा चांगला असू शकत होता. कारखान्याच्या जिल्ह्याला मजूर गेले की भार हलका होई. गावाच्या जिल्ह्याला ते न आले तर रुग्णसंख्या शून्याजवळ राही. मजुराचे हाल कोणाच्याच तक्त्यात नव्हते. म्हणून मी म्हणतो की रुग्णांच्या आकड्यावरून जिल्ह्यांचे क्रमांक लावणे अन्यायाचे आहे. ज्या जिल्ह्याने आपलीच माणसे परत घ्यायला उशीर केला त्याचा आकडा सुंदर दिसतो, आणि ज्याने परक्याला जेवू घातले, ठेवून घेतले, तपासले, त्याचा आकडा वाढतो.

परक्यांचा प्रश्न नगर जिल्ह्यात दुसऱ्या एका रूपानेही आला. दिल्लीच्या तबलिगी मेळाव्यानंतर जिल्ह्यातल्या मशिदींत राहिलेल्या परदेशी नागरिकांवर गुन्हे दाखल झाले. आयव्हरी कोस्ट, घाना, टांझानिया, इंडोनेशिया अशा देशांतले हे २९ जण. वैध व्हिसावर आलेले, आणि विमाने बंद झाल्यावर परतता न आलेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने हे गुन्हे रद्द केले. साथीच्या काळात सरकार बळीचा बकरा शोधते आणि या लोकांना तसे निवडले गेले असावे, असे निकालात स्पष्टपणे म्हटले आहे. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईहून सुटलेल्या जहाजातल्या प्रवाशाकडे युरोपच्या बंदरात जसे पाहिले जाई, तसे आपण त्यांच्याकडे पाहिले. मराठी माणूस सदैव नाक्याच्या आतच असतो असे नाही. त्याच वेळी आखातात, सिंगापुरात, लंडनमध्ये अडकलेली आपली मुले दुसऱ्या कोणाच्या सरकारच्या दयेवर होती.

दुसऱ्या लाटेत नगरच्या पश्चिमेकडे, हिवरे बाजारात, सरकारची सगळ्यात लहान पायरी काय करू शकते हे दिसले. पोपटराव पवारांच्या पुढाकाराने गावाने पथके नेमली, घरोघरी तपासणी चालवली, बाधिताला लवकर वेगळे केले आणि मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त झाले. त्याच महिन्याच्या शेवटी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी कोरोनामुक्त गावाचे आवाहन राज्यभर केले आणि नंतर बक्षिसांची स्पर्धाही लागली. मला हिवरे बाजारचा अभिमान आहे. पण त्याच जिल्ह्यात त्याच वर्षी ४ ऑक्टोबरपासून दहा दिवस ६१ गावे बंद ठेवावी लागली, त्यांत संगमनेर तालुक्यातली सर्वाधिक. ही गावे आळशी होती का? संगमनेर पुणे-नाशिक महामार्गावर आहे. दूध, भाजीपाला, बाजार समित्या यांची ये-जा तिथे कधी थांबत नाही. तीस वर्षांची ग्रामसभेची सवय असलेले डोंगराकडेचे गाव आणि महामार्गावरचे गाव यांना एकाच स्पर्धेत उतरवले तर बक्षीस कोणाला मिळणार हे आधीच ठरलेले असते. हिवरे बाजारपासून शिकावे ते पथकांची रचना आणि माणसांचा एकमेकांवरचा विश्वास. क्रमांक लावण्याची सवय मात्र तिथून उचलू नये.

राज्यांच्या सीमेवर तर काही वेळा याहून वाईट घडले. मार्च २०२० मध्ये कर्नाटकाने केरळकडे जाणारे रस्ते मातीचे ढिगारे टाकून बंद केले. कासरगोडचे रुग्ण वर्षानुवर्षे मंगळुरूच्या दवाखान्यांत जात आले आहेत. तलपाडीच्या नाक्यावर रुग्णवाहिका अडल्या, माणसे गेली, आणि केरळ उच्च न्यायालयाला रस्ता उघडण्याचा आदेश द्यावा लागला. २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर महाराष्ट्रातून निपाणी-बेळगावकडे जाणाऱ्यांना तपासणीचा अहवाल मागितला जाऊ लागला. तिकडे सावंतवाडी, दोडामार्ग, बांद्याहून रोज गोव्यात कामाला जाणाऱ्यांची रोजी बुडाली, आणि सिंधुदुर्गच्या रुग्णाला बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज दूरचे झाले. मार्च २०२० च्या शेवटी नेपाळ आणि भारत यांच्यामधली महाकाली नदी काही नेपाळी मजुरांनी धारचुल्याजवळ पोहून पार केली, कारण पुलाचे दार बंद होते आणि समोरच्या काठावर त्यांचा स्वतःचा देश होता.

दूरच्या जगातले एक उदाहरण पद्धतीसाठी घेतो. नॉर्वेने १२ मार्च २०२० रोजी कडक निर्बंध लावले, शेजारच्या स्वीडनने शाळा, दुकाने, उपाहारगृहे बरीचशी चालू ठेवली. त्या वर्षाअखेर स्वीडनमध्ये नोंदलेले मृत्यू आठ हजारांच्या पुढे गेले होते, नॉर्वेत साडेचारशेच्या आत होते. स्वीडनची वस्ती नॉर्वेच्या दुप्पट धरली तरी फरक प्रचंड आहे, आणि त्या हिवाळ्यात जगाने निकाल देऊन टाकला. पण २०२० ते २०२२ या तिन्ही वर्षांतले, नेहमीपेक्षा जास्त झालेले एकूण मृत्यू मोजले तेव्हा स्वीडनचा क्रमांक युरोपातल्या सर्वांत कमी मृत्यूंच्या देशांत लागला. यावरून स्वीडन बरोबर होता असे मी म्हणत नाही. पहिल्या वर्षी तिथल्या वृद्धाश्रमांत गेलेली माणसे परत आली नाहीत. मात्र हिशेब कोणत्या तारखेला बंद केला यावर निकाल बदलतो, हे तुलना करणाऱ्याने पहिल्या पानावरच सांगायला हवे.

आणि मोजणी? मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतात दोन वर्षांत सुमारे ४७ लाख अधिक मृत्यू झाल्याचा अंदाज दिला. सरकारी आकडा त्याच्या जवळपास दहावा हिस्सा होता, आणि भारत सरकारने हा अंदाज नाकारला. ज्या देशात मोजण्यावरच एवढा वाद, त्याला कमी मोजणाऱ्या किंवा नीट मोजणाऱ्या शेजाऱ्यापुढे उभे करताना हात आखडता घ्यायला हवा. भूतानने मार्च-एप्रिल २०२१ मध्ये आपल्या बहुतेक प्रौढांना दोन-तीन आठवड्यांत पहिली मात्रा दिली. लस पुण्यात तयार झालेली, भारताने भेट दिलेली. पुढे भारतात दुसरी लाट उसळली आणि निर्यात थांबली, तेव्हा दुसऱ्या मात्रेसाठी भूतानला इतरांकडे हात पसरावे लागले. यात भूतानचे कौतुक किती आणि शेजाऱ्याच्या देण्याघेण्याचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही. काढूही नये.

या कारणांनी या पुस्तकात देशांची वा जिल्ह्यांची क्रमवारी नाही. प्रत्येक प्रकरण एखाद्या सीमेवर उभे राहून लिहिलेले आहे आणि तिथे कोण अडले, किती दिवस अडले, त्याला कोणी खाऊ घातले, शेवटी दार कोणी उघडले, याचा शोध घेते. १८९७ चा कायदाच २०२० मध्ये पुन्हा वापरात आला. त्या एप्रिलमध्ये वटहुकमाने त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांना संरक्षण देणारी भर पडली, आणि ती योग्यच होती. अडकलेल्या माणसाला सरकार काय देणे लागते ते मात्र त्यात अजूनही आलेले नाही. वाचकांपैकी जे वकील, आमदार, अधिकारी असतील त्यांनी ही जागा भरून काढण्यासाठी धडपडावे, असे मला मनापासून वाटते.

आणखी एक विनंती जिल्ह्यातल्या तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि शिक्षकांना. २०२० आणि २०२१ मध्ये नगर-बीड, नगर-औरंगाबाद, नगर-नाशिक, नगर-पुणे सीमांवरच्या नाक्यांवर तुम्ही रात्रंदिवस बसलात. येणाऱ्याचे नाव, गाव, तापमान, पासचा क्रमांक तुम्ही वह्यांत लिहिलात. शाळांतल्या विलगीकरणाच्या याद्या केल्यात, शिधा वाटल्याच्या नोंदी ठेवल्यात. त्या वह्या आता कपाटांच्या तळाशी आहेत आणि मुदत संपली म्हणून कधीही रद्दीत जातील. त्यातली नावे झाकून ठेवा, पण वह्या जपा. दोन्ही बाजूंच्या नाक्यांवरच्या वह्या शेजारी ठेवून वाचल्या, तर कोणत्या दिवशी किती माणसे अलीकडून सुटली आणि पलीकडे पोचली, आणि मधली कुठे राहिली, हे अजूनही कळू शकते.